झुरिकमधली गावाची खोली

"ताई, ह्ये काय लिवलंय तेवढं वाचून दाखवा."

सकपाळकाकांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले. मी खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. त्यांच्या मागे त्यांची बायको सरूबाई, दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून. पोलादपूरहून पहिली एसटी पकडून दोघं महाडला आली होती.

कागद इंग्रजीत होता. एकाखाली एक छापील कारणं, प्रत्येकापुढे एक चौकोन. ज्या कारणासाठी व्हिसा नाकारला, त्या चौकोनात फुली. आमच्या धंद्यात याला रिफ्युझल म्हणतात. बावीस वर्षांत मी असे पुष्कळ कागद पाहिलेत. कधी पैसे कमी पडतात, कधी इन्शुरन्स चुकतो. त्याचं काही वाटत नाही, पुन्हा अर्ज करता येतो. पण यावरची फुली भलत्याच ओळीपुढे होती.

"काय लिवलंय?" काकांनी पुन्हा विचारलं.

मला मराठीत सांगावंच लागलं. "प्रवासाबद्दल दिलेली माहिती भरवशाची नाही."

काकांनी त्या फुलीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे मी खोटं बोल्लो, असं?"

"तसं नाही हो काका, ही त्यांची भाषा असते."

"भाषा कंची बी असूद्या. भरवशाचा नाय म्हंजे खोटाच ना?"

खरं सांगते, त्या क्षणी मला अजून माहीत नव्हतं की या फाइलमध्ये खोटं होतं. ते काकांचं नव्हतं, आम्हा एजंट लोकांचं होतं.

आता मुळापासून सांगते.

महाडला एसटी स्टँडच्या समोर माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. गिऱ्हाइकं बहुतेक ठरलेली. डॉक्टर, बिल्डर, एमआयडीसीतले इंजिनीअर. दुबई, सिंगापूर, फार तर युरोपची ग्रुप टूर. वाडीवरची माणसं माझ्याकडे येतात ती पासपोर्टचा फॉर्म भरायला. म्हणून जुलैत ही दोघं आली आणि काका म्हणाले, "आमाला झुरिकला जायचंय, पन स्वस्तात बसवा," तेव्हा मला आधी हसूच आलं. झुरिक आणि स्वस्तात! तिथे साधं हॉटेलात एक रात्र काढायची तर इथल्या माणसाचा महिन्याचा किराणा जातो.

"कोण आहे तिकडे?" मी विचारलं.

"आमची वनी हाय," सरूबाई म्हणाल्या.

वनिता त्यांची धाकटी. वाडीतल्या शाळेतून पोलादपूर, मग महाडचं कॉलेज, मग मुंबई, आणि तिथून स्कॉलरशिपवर थेट झुरिक. चार वर्षं पीएचडी करत होती. विषय काय, तर दरडी. डोंगर का सरकतो, सरकण्याआधी काय काय दिसतं. हा विषय तिला पुस्तकात सापडलेला नाही. तळीयेवर दरड आली त्याच पावसाळ्यात यांच्या वाडीवरचाही डोंगर खाली आला. माणसं आदल्या दिवशी शाळेत हलली होती म्हणून वाचली. सकपाळांचं घर मात्र गोठ्यासकट मातीखाली गेलं. पुढची तीन वर्षं दोघांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढली, आता कुठे सरकारी पुनर्वसनातलं घर मिळालंय.

तर तिकडे अशी पद्धत आहे की पीएचडी संपताना उमेदवाराने सगळ्यांसमोर उभं राहून आपलं काम सांगायचं. प्रोफेसर प्रश्न विचारतात, आणि मागच्या बाकांवर घरचे लोक बसतात. वनिताची तारीख नोव्हेंबरात होती. सगळ्या प्रोफेसरांच्या सोयीने ठरलेली, म्हणजे कुणासाठी पुढे सरकणार नव्हती.

"तुम्हाला कळणार आहे का पण त्यातलं काही?" मी आपलं सहज विचारलं. आज आठवलं की स्वतःचा राग येतो.

सरूबाई म्हणाल्या, "दरडीचं काय सांगते ता मना ऐकायचा हाय. भाषा नाय कळली तरी चालंल."

मग मी हसायचं सोडलं आणि कामाला लागले.

बजेट ट्रिप बसवणं म्हणजे स्वस्त तिकीट शोधणं असं लोकांना वाटतं. तिकीट हा सगळ्यात सोपा भाग. आखातातून विमान बदलून जायचं, मधल्या वारी निघायचं, झालं. खरा खर्च शहरात उतरल्यावर सुरू होतो. मी एक एक करत छाटत गेले. ट्रामचा पास काढायचा, त्याच पासावर तलावातली छोटी बोटही चालते. पाण्याची बाटली विकत घ्यायची नाही, चौकाचौकात कारंजी आहेत आणि लोक तेच पाणी पितात. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच भाजी आणायची. जेवण घरी करायचं. तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ, कुळथाची पिठी इथून न्यायची. तूप मात्र बाद, दुधाचं काही तिकडे आत घेत नाहीत.

"लेकीला तूप बी नेऊ नको?" सरूबाई माझ्याशी भांडायलाच उठल्या. "चार वर्सं घरचं तूप नाय खाल्लं तिनं!"

"मावशी, विमानतळावर काढून घेतील आणि वर दंड करतील."

"आणि सुकट?"

सुकटीसाठी मी अर्धा दिवस नियम वाचले. मासळी नियमात बसत होती. पण शेजाऱ्यांच्या नाकाचा नियम वेगळा असतो असं सांगून तीही मी पिशवीतून काढायला लावली. आता वाटतं, न्यायला हवी होती.

राहता राहिला राहण्याचा प्रश्न. वनिता विद्यार्थ्यांच्या होस्टेलात, तिथे पाहुण्यांना ठेवून घेत नाहीत. मी स्वस्तातली स्वस्त जागा शोधली तरी आठ रात्रींचा आकडा बघून मलाच घाम फुटला. काकांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "राह्याचा खर्च नका धरू. गावाची खोली हाय."

"कुठे?"

"झुरिकलाच."

आमच्या भागातल्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. महाड-पोलादपूरच्या जवळपास प्रत्येक गावाची मुंबईत एक खोली असते. गावाच्या मंडळाची. गावातला कुणीही कामधंद्यासाठी मुंबईला गेला की वळकटी घेऊन सरळ तिथे जायचं. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि खाली एक ट्रंक ठेवायची जागा. नवख्याला नोकरी लागेपर्यंत कुणी भाडं विचारत नाही. काका एका बँकेच्या इमारतीत लिफ्टमन होते. एकतीस वर्षं ते अशाच खोलीत राहिले, त्यातली सहा वर्षं खोलीप्रमुख म्हणून. आत कोण आला, कोण गावी गेला, जेवणाची पाळी कुणाची, हे सगळं खोलीप्रमुख बघतो.

झुरिकला काय झालं होतं, तर तिथल्या एका भारतीय हॉटेलात आमच्या तालुक्याचे तीन आचारी लागले होते. एक काकांच्या चुलतभावाचा मुलगा, महेश. मालकाने तिघांना दोन खोल्यांचा फ्लॅट दिला होता. तिघांनी त्याची आपोआप गावाची खोली करून टाकली! महेशने कळवलं, "काकांना सांगा, एक खोली तुमची. हाटेलात गेलात तर गावात तोंड दाखवनार नाय."

मला ही व्यवस्था फार आवडली. कायद्यातही बसत होती. मी महेशकडून भाडेकरार मागवला, मालकाची लेखी परवानगी मागवली, बोलावण्याचं पत्र घेतलं. सगळं नीट लावून फाइल मुंबईला दळवींकडे पाठवली.

हे दळवी कोण? तर आम्ही लहान गावातले एजंट फाइल तयार करतो, मुंबईचा मोठा एजंट ती तपासून, ऑनलाइन फॉर्म भरून, अपॉइंटमेंट घेऊन पुढे सारतो. दळवींबरोबर माझं बारा वर्षांचं काम. त्यांच्या ऑफिसने फायनल फाइलची पीडीएफ मला व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली लिहिलं, 'ओके?' गणपती तोंडावर आले होते, ऑफिसात तिकिटांची झुंबड. मी 'ओके' लिहिलं. पीडीएफ उघडली नाही. बावीस वर्षं हा धंदा करतेय, आणि उघडली नाही!

आणि पुढे तो फुलीचा कागद आला.

"काका, मधे तुम्हाला कुणाचा फोन आला होता का?" मी विचारलं.

"आलेला ना. येक बाई. हिंदीत बोलत व्हती. 'कहाँ रहोगे?' मी बोल्लो, 'गाँव की खोली पे.' ती बोल्ली, 'आपका होटल है ना?' मी बोल्लो, 'होटल काहे को? अपना आदमी है उधर.'"

"मग?"

"मंग 'थँक्यू' बोल्ली नि ठेवला. चांगली व्हती बाई."

मी त्यांच्या समोरच ती पीडीएफ उघडली. महेशचं पत्र नव्हतं. भाडेकरार नव्हता. त्या जागी झुरिकमधल्या एका हॉटेलचं आठ रात्रींचं बुकिंग होतं, सकपाळ पती-पत्नींच्या नावाने. आणि स्वतःच्या घराचा पुरावा म्हणून पोलादपूरकडची घरपट्टीची जुनी पावती जोडली होती. ती कुठल्या घराची? तर दरडीखाली गेलेल्या घराची! माझ्याकडे कागद देताना काकांनी ती पावती फक्त पत्त्यासाठी दिली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे दळवींना फोन लावला. स्पीकरवर टाकला नाही, ते एक बरं केलं.

"दळवी, सकपाळांच्या फाइलमधे हॉटेल कुठून आलं?"

"डमी टाकलं हो ताई. नेहमीचंच."

डमी बुकिंग म्हणजे दाखवण्यापुरतं बुकिंग. रद्द करता येणारं हॉटेल बुक करायचं, कागद फाइलला लावायचा, फाइल आत गेली की रद्द करून टाकायचं.

"मी खोलीचं पत्र दिलं होतं."

"ते काढलं मी. अहो, तीन आचारी, दोन खोल्या, वरून ही दोन माणसं. ऑफिसर हसला असता. प्रोफाइल आधीच वीक, त्याला जरा उचलायला नको?"

"आणि बुकिंग रद्द कधी केलंत?"

"दोन दिवसांनी. नाहीतर कार्डावर चार्ज बसतो. तुम्हाला काय मी नवीन सांगतोय?"

"व्हिसावाल्यांनी हॉटेलला विचारलं असणार. काकांनाही फोन केला. काका खरं बोलले."

"तेच तर! अर्जदाराला पढवायला नको? तुमचं काम होतं ते."

मी म्हटलं, "दळवी, माणूस खरं बोलला ही त्याची चूक?"

"ताई, तुम्ही उगाच मनावर घेताय. अशा लोकांना युरोपचा व्हिसा मिळत नसतो. त्यांना सांगा महाबळेश्वरला जाऊन या. तिकडे पण डोंगरच आहेत."

"महाबळेश्वरचे डोंगर त्यांच्या अंगणातून दिसतात," मी म्हटलं. "मधली घरं आणि झाडं गेल्यापासून आणखी स्वच्छ दिसतात."

मी फोन ठेवला. अशा लोकांना! कशा लोकांना हो? गेल्याच वर्षी मी महाडच्या एका बिल्डरची फाइल केली. सात हॉटेलं, सातही डमी. त्याला कुणी फोन केला नाही, कुणी फुली मारली नाही. तो त्याच्या मेहुण्याकडे राहून आला आणि मला चॉकलेटचा डबा दिला. मी तो घेतला. हेही सांगायला हवं. दळवी म्हणाले ते खरंच होतं, मला त्यात नवीन काहीच नव्हतं. इतकी वर्षं चालायचं म्हणून आम्ही हे करत आलो, आणि त्याचा फटका बसला कुणाला, तर ज्याला खोटं बोलायची गरजच नव्हती त्याला.

मी काकांना सगळं सांगितलं. माझ्या 'ओके'सकट. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. काका कागदाची घडी घालत म्हणाले, "खोली असून हाटेल दावलं. म्हंजे आमची खोली दावायला लाज वाटली त्येला."

मी ड्रॉवरमधून नवा फॉर्म काढला.

"पुन्हा अर्ज करू," मी म्हटलं. "फी माझी. आणि या वेळी फाइल माझ्या हातून थेट जाईल."

"मिळंल?"

"माहीत नाही काका. एकदा फुली बसली की दुसऱ्यांदा जास्त बारीक बघतात."

सरूबाईंनी एवढंच विचारलं, "वनीच्या तारखेला किती दिस हायत?"

सहा आठवडे होते.

दुसऱ्या अर्जाला एक कव्हर लेटर लागतं. म्हणजे आधी नाकारलं गेलं होतं, ते का, आणि आता काय बदललं, हे साध्या भाषेत सांगणारं पत्र. मी लिहिलं की मागच्या वेळचं हॉटेल बुकिंग अर्जदारांना न कळवता एजंटने घातलं होतं. खाली माझं नाव, ऑफिसचा पत्ता. दळवींना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा फोन आला. "हे असं लेखी देताय? उद्या तुमची प्रत्येक फाइल भिंगाखाली घालतील. धंदा करायचाय ना?" मी म्हटलं, "घालू देत. भिंगाखाली बघण्यासारखंच आहे सगळं."

बोलले खरी, पण जीव घाबरला होता. माझ्याही घरात खाणारी तोंडं आहेत.

मग ती खोली. गावाची खोली परक्या साहेबाला इंग्रजीत समजवायची कशी? हॉस्टेल म्हटलं तर चुकतं. धर्मशाळा म्हटलं तर त्याहून चुकतं. दोन दिवस मी कागद फाडले. शेवटी काकांनाच बोलावलं आणि म्हटलं, मुंबईच्या खोलीत काय काय असायचं ते सांगा. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. खुंट्या, ट्रंका, पाण्याची वेळ, कोणी आजारी पडला तर कुणी रजा काढायची. तेच मी जसंच्या तसं इंग्रजीत घातलं, आणि शेवटी लिहिलं की झुरिकमधल्या तीन आचाऱ्यांनी हीच पद्धत पुढे चालवली आहे.

दुसऱ्या दिवशी काका मंडळाच्या लेटरहेडवर एक पत्र घेऊन आले. गोल शिक्का, अध्यक्ष, सेक्रेटरी, दोघांच्या सह्या. 'श्री. सकपाळ हे मंडळाच्या खोलीत एकतीस वर्षे वास्तव्यास होते. त्यांच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही. जाताना त्यांनी खुंटी व जागा सोडली व चावी परत केली.'

"ह्येचा उपेग हुईल का?" त्यांनी संकोचाने विचारलं.

मी ते भाषांतर करून फाइलच्या पहिल्या पानामागे लावलं. माणूस परत जातो की नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला मी अजून पाहिलेला नाही.

कारण व्हिसावाल्यांना खरी काळजी तीच असते. तुम्ही परत याल याची खात्री काय? त्यासाठी घर, जमीन, नोकरी दाखवायची. यांची नोकरी संपलेली. जमिनीचा अर्धा तुकडा मातीखाली. घराच्या पुराव्यातून मी घरपट्टीची पावती काढून टाकली आणि पुनर्वसनाच्या घराचं वाटपपत्र लावलं. सोबत मला जुन्या घराच्या जागेचा फोटो हवा होता.

"पडलेलं घर दावायचं?" काकांना ते मुळीच पटेना. "मंग तर बोलतील, घर नाय, लेक तिकडं, ह्ये कशाला परत येतील?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. धंद्याच्या हिशोबाने तो फोटो लावणं हा शुद्ध वेडेपणा होता. पण मला पुन्हा त्या घराची पावती लावून खोटं घर उभं करायचं नव्हतं. सरूबाईंनीच निकाल दिला. "लावा गो ताय. हाय ता हाय."

अर्ज गेला. दहाव्या दिवशी मुंबईहून बोलावणं आलं, दोघांना मुलाखतीला. मी बरोबर गेले. पहाटे निघालो, पेणच्या पुढे ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो, काकांनी त्या वेळात मला चार वेळा विचारलं, "खरंच बोलायचं ना सगळं?" चारही वेळा मी हो म्हटलं. मला आत सोडलं नाही. बाहेर फूटपाथवर तासभर उभी होते.

आत काय झालं ते काकांनी बाहेर आल्यावर सांगितलं. काचेपलीकडे मराठी बोलणारी एक तरुण बाई होती. काकांना तिने खोलीचं विचारलं, महेशचं विचारलं. काकांनी सांगितलं. मग तिने फाइलमधून तो जुन्या घराचा फोटो काढला आणि सरूबाईंना विचारलं, "आजी, मुलगी तिकडे आहे. जुनं घर राहिलं नाही. मग तुम्ही परत कशाला याल?"

"मी हिच्याकडं बगितलं," काका म्हणाले. "मना वाटलं, झालं, गेला आपला विसा."

सरूबाई काचेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बाय, डोंगर अंगावर आला तवा गाव सोडला नाय आमी. आता काय सोडू? लेकीचं ऐकायचं नि यायचं. इकडं भात झोडायचा हाय."

ती बाई म्हणे लिहीत राहिली.

"मी जादा बोल्ले का गो ताय?" सरूबाईंनी मला फूटपाथवर विचारलं.

"नाही मावशी," मी म्हटलं.

व्हिसा आला. मोजून नऊ दिवसांचा, जेवढा मागितला तेवढाच. निघायला पाच दिवस उरले होते, तिकीट आधी धरलं त्याहून महाग पडलं. या सगळ्या बजेट ट्रिपमध्ये तेवढी एकच गोष्ट बजेटबाहेर गेली, आणि ती दळवींच्या डमीमुळे. मी फरकाचं बिल त्यांना पाठवलं. उत्तर अजून यायचंय.

तिकडचं मला वनिताने फोनवर सांगितलं. आई थेट पहिल्या बाकावर जाऊन बसली होती. एका फोटोत स्वतःच्या वाडीचा उतार दिसला तेव्हा आई मोठ्याने म्हणाली, "आपला आंबा!" प्रोफेसरांनी थांबून विचारलं, काय म्हणाल्या? वनिताने सांगितलं, तिथे आमचं आंब्याचं झाड होतं. मग एका प्रोफेसराने आईला वनितामार्फत विचारलं की दरडीच्या आधी झाड वाकलं होतं का, कधीपासून. आईने सांगितलं, दोन पावसाळे आधीपासून. त्यांनी ते लिहून घेतलं. इथल्या कुणा साहेबाने सरूबाईंना हे विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

खोलीवर सरूबाईंनी आठही दिवस तिन्ही आचाऱ्यांना भाकऱ्या करून घातल्या. महेश म्हणाला, हॉटेलात दिवसभर दुसऱ्यांना रांधतो, चार वर्षांत आम्हाला कुणी रांधून घातलं नव्हतं.

त्यानंतर मी डमी बुकिंग बंद केलं. बरीच गिऱ्हाइकं गेली. तो बिल्डर आता थेट दळवींकडे जातो. या सगळ्यातून धंद्याचा धडा म्हणाल तर दोन ओळींचा आहे. पीडीएफ उघडून बघावी. आणि अर्जदाराला पढवायची वेळ येईल असा कागद त्याच्या फाइलला लावू नये.

डिसेंबरात एक दिवस दोघं पुन्हा ऑफिसात आली. या वेळी काका न सांगता बसले. सरूबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन बोर्डिंग पास काढून टेबलावर ठेवले. परतीचे, मुंबईचे. घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून आणले होते.

"ह्ये त्या बाईला दावा," त्या म्हणाल्या.

"मावशी, त्याची गरज नसते. त्यांच्या कंप्युटरवर नोंद असते."

"त्यांची नोंद त्यांच्यापाशी. खोटा बोल्लो असा लिवला व्हता ना त्यांनी आमाला? मंग दावा. आलो म्हनावं."

मी पास स्कॅन केले, एका ओळीचं पत्र लिहिलं आणि व्हिसा ऑफिसच्या ईमेलवर पाठवून दिलं. त्यातली एक प्रत व्हॉट्सॲपवर दळवींना. ऑफिसकडून मशीनचं छापील उत्तर आलं, आपला संदेश मिळाला. दळवींनी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या, बाकी काही नाही.

"पोचला का?" सरूबाईंनी विचारलं.

"पोचला मावशी."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून तुपाची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. "ह्ये तुला. वनीचं ऱ्हायलेलं."